शिकवलेल्यांनीच हरवलं तर?

विकांताला पुण्याहून दहिवलीला गेलो की माझा एक ठरलेला कार्यक्रम असतो. सिंहगडने कर्जतला उतरायचं, फलाटावर गरम वडापाव खायचा, घरी बॅग टाकायची आणि आईची "आल्या आल्या कुठे निघालास?" ही हाक ऐकूच न आल्यासारखं करून मैदानावर जायचं. मैदान म्हणजे फार मोठं काही डोळ्यांपुढे आणू नका. फक्कीने आखलेल्या रेघा, कडेला दोन बाकडी, एक नळ आणि पावसाळ्यात घोट्यापर्यंत चिखल. पण या मैदानावर एक माणूस गेली तीसेक वर्षं शिट्टी घेऊन उभा आहे, आणि आजचं लिखाण खरं तर त्यांच्यामुळे सुचलंय.

आम्ही त्यांना नुसतं 'सर' म्हणतो. आयुष्यभर एका ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, सकाळी प्रात्यक्षिकं, दुपारी पेपर तपासणं, आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेसात कबड्डी. पगार पहिल्या कामाचा मिळायचा. दुसऱ्या कामात त्यांच्याच खिशातून शेंगदाणे-गुळाचे पैसे जायचे. आता सत्तरी ओलांडली आहे, गुडघे बोलतात, पण शिट्टी तीच.

तर गोष्ट २०१८ ची. रविवार, २६ ऑगस्ट, राखी पौर्णिमा. बहिणीकडून राखी बांधून घेऊन मी मैदानावर पोहोचलो तर तिथे सुतकी वातावरण. दोनच दिवसांपूर्वी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या मुली कबड्डीच्या अंतिम सामन्यात इराणकडून २७-२४ ने हरल्या होत्या. त्याच्या आदल्या दिवशी पुरुषांचा संघ उपांत्य फेरीत इराणकडूनच २७-१८ असा आपटला होता. जो खेळ आपल्या बापाचा समजत होतो, त्यात दोन दिवसांत दोन्ही सुवर्णपदकं गेली. १९९० पासून २०१४ पर्यंत पुरुषांनी सलग सात सुवर्णपदकं आणली होती, मुलींनी २०१० आणि २०१४ अशी दोन. आठव्या वेळी नुसतं ब्राँझ.

पण मैदानावरच्या पोरांचा राग हरण्यावर नव्हताच. राग होता तो इराणच्या मुलींच्या प्रशिक्षकांवर. कारण त्या होत्या शैलजा जैन, आपल्या नाशिकच्या.

"आपलीच बाई, सर! आपल्याकडची विद्या तिकडे नेऊन विकली," एक जण म्हणाला. दुसऱ्याने तर थेट 'फितुरी' हा शब्द वापरला. मीही मान डोलावली. च्यायला, वाटलंच होतं तसं.

सरांनी शिट्टी गळ्यातून काढली, खिशात ठेवली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "तुला आठवतंय ना रे, तू माझ्याशी दीड वर्षं बोलत नव्हतास?"

मला आठवत होतं. ते शेवटी सांगतो. आधी थोडा इतिहास, कारण त्या प्रश्नाने मला पुढचे कित्येक विकांत वाचायला लावलं.

तुम्हाला काय वाटतं, कबड्डी परदेशात कधी गेली? मला वाटायचं प्रो कबड्डी लीग आली, टीव्हीवर झळकली, मग बाहेरच्यांना कळलं. म्हणजे २०१४. साफ चूक. कबड्डीने समुद्र ओलांडला त्याला नव्वद वर्षं होत आली, आणि तो ओलांडला अमरावतीहून.

अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली अंबादास आणि अनंत या वैद्य बंधूंनी सुरू केलं. नावावरून एखाद्या गल्लीतली तालीम वाटेल, पण या मंडळींचा आवाका वेगळा होता. नुसते मल्ल तयार करायचे नाहीत, शिकवणारे तयार करायचे, हा त्यांचा खाक्या. त्यांच्या उन्हाळी वर्गांना प्रांतोप्रांतीची तरुण मुलं यायची आणि शिकून आपापल्या गावी जाऊन तेच पुढे शिकवायची. (हुतात्मा राजगुरू इथेच शिकले होते, हे अनेकांना माहीत असेल.) आजच्या आमच्या भाषेत 'ट्रेन द ट्रेनर' म्हणतात ना, तेच. फरक इतकाच की त्यांच्याकडे पॉवरपॉइंट नव्हतं.

१९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाचा चमू जर्मनीला गेला आणि तिथे त्यांनी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली. त्यात कबड्डीही होती. आता बर्लिन १९३६ म्हटलं की आपल्याला आठवतो तो जेसी ओवेन्स आणि ध्यानचंदांचा हॉकी संघ. ते ऑलिंपिक म्हणजे नाझी राजवटीने जगाला दाखवण्यासाठी मांडलेला देखावा होता हेही खरंच. पण त्या सगळ्या गोंगाटात वऱ्हाडातली काही माणसं 'हा आमचा खेळ, बघा' म्हणत उभी राहिली, ही गोष्ट मला शाळेत कोणी सांगितली नाही. तेव्हा देश पारतंत्र्यात होता. हॉकीचा संघसुद्धा ब्रिटिश हिंदुस्थानचा म्हणून खेळत होता. अशा वेळी परक्या देशात जाऊन स्वतःचा खेळ दाखवणं म्हणजे 'आमच्याकडेही देण्यासारखं काही आहे' असं सांगणं होतं. पुढे १९४९ साली, स्वातंत्र्यानंतर, मंडळाची माणसं स्टॉकहोमच्या लिंगियाडलाही गेली. स्वीडिश व्यायामपद्धतीचा जनक पेर हेन्रिक लिंग याच्या नावाने भरलेला तो व्यायामाचा मोठा मेळावा.

बरं, दाखवणं वेगळं आणि शिकवणं वेगळं. प्रात्यक्षिक पाहून लोक टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. खेळ रुजायचा तर तो आधी लिहून काढावा लागतो. आम्हा आयटीवाल्यांना हे दुःख चांगलं माहीत आहे. कोड चालतोय, पण डॉक्युमेंटेशन एका माणसाच्या डोक्यात, आणि तो माणूस रजेवर!

आपल्या हुतुतूचं अगदी तसंच होतं. गावागणिक नियम वेगळे. नावंसुद्धा वेगळी: आपल्याकडे हुतुतू, तमिळनाडूत चेडुगुडू, बंगालात हाडुडू. प्रकारही तीन होते. संजीवनीत बाद झालेला गडी प्रतिस्पर्ध्याचा एक गडी बाद झाला की पुन्हा जिवंत होऊन मैदानात यायचा. गामिनीत एकदा बाद म्हणजे बाद, सगळे संपेपर्यंत बाहेर बसायचं. आणि अमरमध्ये बाद झालेला बाहेर जायचाच नाही, नुसते गुण मोजायचे. या गोंधळातून एकसारखे नियम बनवायचं काम मुख्यतः महाराष्ट्रात आणि बडोद्यात झालं. १९२३ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने अखिल भारतीय स्पर्धा भरवली ती ठरवून घेतलेल्या नियमांवर. १९३८ साली कलकत्त्याच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेत हा खेळ आला. १९५० साली अखिल भारतीय कबड्डी महासंघ झाला, १९५२ ला मद्रासला पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा, १९५५ ला कलकत्त्याला महिलांची.

आज आपण बघतो ती कबड्डी बरीचशी संजीवनीवर उभी आहे. बाद व्हा, परत या. सगळा संघ बाद झाला तर लोण, त्याचे जादा दोन गुण, आणि पुन्हा सातही जण मैदानात. मला हा नियम फार आवडतो. हरत असलेल्या संघाला दंड होतो खरा, पण त्याच क्षणी त्याला पुन्हा पूर्ण संघ मिळतो. रीस्टार्टच म्हणा ना. :)

तर डॉक्युमेंटेशन झालं. आता 'डिप्लॉयमेंट'.

१९७४ मध्ये भारताचा पुरुष संघ बांगलादेशच्या दौऱ्यावर गेला आणि तिथे पाच 'कसोट्या' खेळला. बांगलादेशला जन्मून तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. नव्या देशाने कबड्डी हा आपला राष्ट्रीय खेळ मानला होता. १९७८ मध्ये भिलाईत आशियाई कबड्डी महासंघ स्थापन झाला. १९७९ मध्ये बांगलादेशचा संघ परतीच्या दौऱ्यावर भारतात आला, मुंबईतही खेळला. १९८० मध्ये कलकत्त्याला पहिली आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली, भारत पहिला, बांगलादेश दुसरा. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत कबड्डीचं प्रात्यक्षिक, आणि १९९० मध्ये बीजिंगला पहिल्यांदा पदकांच्या यादीत. चौपन्न वर्षं लागली बर्लिनच्या प्रात्यक्षिकापासून बीजिंगच्या पदकापर्यंत!

या सगळ्या धडपडीमागे जी महाराष्ट्रातली माणसं होती त्यांतलं एक ठळक नाव म्हणजे शंकरराव ऊर्फ बुवा साळवी. मैदानावर ज्यांना 'कबड्डी महर्षी' म्हणतात ते. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात. आमच्या मैदानावरही त्या दिवशी नारळ फुटतो, आणि बहुतेक वेळा धो धो पाऊस असल्याने उरलेला कार्यक्रम कोणाच्या तरी ओसरीवर होतो.

पण या इतिहासात मला सगळ्यात जास्त भावली ती एक ओळ. फक्त एकच ओळ. १९७९ साली भारताचे प्राध्यापक सुंदर राम दोन महिने जपानचा दौरा करून तिथे कबड्डी शिकवून आले.

बस्स. कबड्डीच्या बहुतेक छोट्या-मोठ्या इतिहासांत ही ओळ येते आणि लगेच पुढचं वाक्य दुसऱ्या स्पर्धेच्या निकालावर जातं. मी मात्र तिथेच अडकलो. जरा विचार करा. १९७९ चा जपान. सुमो, ज्युडो, बेसबॉल यांचा देश. आणि तिथे हे प्राध्यापक सांगणार की एका श्वासात 'कबड्डी कबड्डी' म्हणत पलीकडे जायचं, हात लावायचा आणि दम तुटायच्या आत परत यायचं. चेंडू नाही, बॅट नाही, जाळी नाही. दाखवायला सोबत वस्तूच नाही काही! क्रिकेटवाला निदान बॅट तरी हातात देतो. कबड्डी शिकवणाऱ्याच्या सामानात असतं काय, तर स्वतःचं शरीर आणि श्वास.

आणि हा दम शिकवणं सगळ्यात कठीण. कोणीही खेळलेला माणूस सांगेल, नवख्याला वाटतं की श्वास छातीत साठवायचा असतो. खरं म्हणजे तो जपून सोडायचा असतो. घाबरलात की दम तुटतो. म्हणजे प्रश्न फुप्फुसाचा कमी आणि मनाचा जास्त. ते दोन महिन्यांत परभाषेत कसं समजावायचं? आपण एखादा नवीन क्लायंट असला की दोन आठवड्यांच्या 'ऑनसाईट'साठी किती नखरे करतो! (जेवणाचं काय, भत्ता किती, हॉटेल कुठलं...) त्या दोन महिन्यांनंतर जपानचा संघ १९९० मध्ये बीजिंगला आशियाई स्पर्धेत कबड्डी खेळायला उतरला. तिथे सुवर्णपदक भारताने घेतलं, आणि स्पर्धा झाली कारण समोर खेळायला कोणीतरी होतं.

इथे माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. एकट्या भारतासाठी कोणी आशियाई स्पर्धेत कबड्डी ठेवणार नव्हतं. आपली सात सुवर्णपदकं आपण एकट्याने जिंकलेली नाहीत. ज्यांनी इतरांना खेळ शिकवला त्यांनी ती शक्य केली. म्हणजे शिकवणं हे जिंकण्याच्या विरुद्ध नव्हतं, ती जिंकण्याची पूर्वअट होती. आणि ज्या दिवशी शिकलेला शिकवणाऱ्याला हरवण्याची शक्यता संपते, त्या दिवशी तो खेळ उरत नाही, दरवर्षीचा सत्यनारायण होतो. प्रसाद कोणाला मिळणार ते आधीच ठरलेलं.

आता वळूया शैलजाताईंकडे. नाशिकमध्ये त्यांनी वर्षानुवर्षं मुलींना कबड्डी शिकवली. महाराष्ट्रातल्या मुलींच्या कबड्डीची गाडी अशाच माणसांच्या जोरावर चालते. मुलीला चड्डी घालून मातीत लोळू द्यायचं की नाही इथपासून आई-बापांशी वाद घालावा लागतो. दहावीला आली की खेळ बंद, लग्न ठरलं की खेळ बंद. या सगळ्यातून मुलगी राष्ट्रीय पातळीवर पोहोचवायची म्हणजे काय काम असतं ते सरांनी मुलींचा संघ काढला तेव्हा मी जवळून पाहिलंय. शैलजाताईंनी नंतर पत्रकारांना सांगितलं की भारतीय संघाचं प्रशिक्षकपद मिळावं अशी त्यांची इच्छा होती, ते मिळालं नाही, आणि आपण काय करू शकतो ते त्यांना सिद्ध करायचं होतं. इराणने बोलावलं तेव्हा त्या लगेच तयार झाल्या नव्हत्या, पण शेवटी गेल्या. साठीच्या आसपास, शाकाहारी बाई, भाषा येत नाही, देश नवीन. त्यांनी फारसी शिकून घेतली. सरावात योगासनं आणि प्राणायाम आणले. आता प्राणायाम म्हणजे श्वासावरचा ताबा, आणि कबड्डी म्हणजे तरी दुसरं काय? १९७९ मध्ये त्या प्राध्यापकांपुढे जो दमाचा प्रश्न असणार, त्याला त्यांनी शोधलेलं हे उत्तर म्हणायला हरकत नाही.

इराण काही कोरी पाटी नव्हती हे खरं. तो कुस्तीचा देश, पकडीची ताकद रक्तात. 'झू' नावाचा कबड्डीसारखाच श्वासाचा खेळ तिथे जुना आहे. २०१४ च्या इंचॉन स्पर्धेत त्यांचे पुरुष अंतिम सामन्यात फक्त दोन गुणांनी हरले होते, २७-२५. मुलींची अंतिम लढतही भारत-इराणच होती. म्हणजे चार वर्षं आधी पाटी लागली होती की पुढे धोकादायक वळण आहे. आपण ती वाचली नाही. आणि त्याच काळात आपल्याच लीगमध्ये इराणी खेळाडू आपल्या सर्वोत्तम चढाईपटूंच्या घोट्यांना दररोज हात घालत होते. २०१८ च्या मे महिन्यातल्या लिलावात यू मुंबाने फझल अत्राचलीसाठी एक कोटी मोजले. तोपर्यंत कोणालाच एवढी बोली लागली नव्हती. म्हणजे मेमध्ये मुंबईच्या संघाने इराणी बचावपटूला कोट्यधीश केलं, त्याचं कोणाला काही वाटलं नाही. उलट आम्ही पोस्टर लावली. आणि ऑगस्टमध्ये नाशिकच्या बाईंनी इराणी मुलींना शिकवलं तर फितुरी? हा हिशोब मला आजतागायत जुळलेला नाही.

पैसा घेऊन खेळाडू इकडे आला तर ती लीगची शान, आणि प्रशिक्षक तिकडे गेली तर विद्येची चोरी. शिकवणाऱ्याला आपण इतकं स्वस्त का समजतो?

आमच्या धंद्यात पाहा. लिनक्स कोणाच्या बापाचं आहे? लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये सुरू केलं आणि जगाला देऊन टाकलं. आज फिनलंडमध्ये कोणी बोंब मारत नाही की आमची विद्या बंगळुरूला नेली म्हणून. उलट जितकी माणसं वापरतील तितके दोष सापडतात, तितकं ते सुधारतं. हां, एक धोका आहे, तो म्हणजे फोर्क. प्रत्येकाची आवृत्ती वेगळी झाली की गोंधळ. आणि गंमत म्हणजे कबड्डीत नेमकं तेच झालं! ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगचौला पुरुषांचा अंतिम सामना, पुन्हा भारत-इराण, शेवटचं जेमतेम एक मिनिट, गुण बरोबरीत. पवन सेहरावत 'करो या मरो' चढाईवर गेला आणि कोणाला स्पर्श न करताच बाजूच्या पट्ट्यात गेला. त्याला धरायला इराणचे चौघं त्याच पट्ट्यात शिरले. जुना नियम लावला तर भारताला चार गुण. लीगमधला नवा नियम लावला तर दोघांना एकेक. कुठली आवृत्ती चालू आहे यावर वाद पेटला, खेळ तासभर थांबला, खेळाडू मैदानात ठाण मांडून बसले. शेवटी भारत ३३-२९ जिंकला. मी तेव्हा टीव्हीसमोर बसून हसत होतो, बायकोला कळेना काय झालं. मी म्हटलं, "अगं, व्हर्जन कॉन्फ्लिक्ट!"

त्याच स्पर्धेत मुलींनी सुवर्णपदक परत आणलं, २६-२५, एका गुणाने. आणि समोर कोण? चिनी तैपेई! ते भारताचं त्या स्पर्धेतलं शंभरावं पदक ठरलं. म्हणजे आता इराणच्याही पलीकडे नवे शिकलेले तयार आहेत, आणि तेही एका गुणाच्या अंतरावर. २०१८ ला हरलो नसतो तर २०२३ च्या त्या एका गुणाचं मोल आपल्याला कळलं असतं का? मला नाही वाटत. एकतर्फी सामने कोणाच्या लक्षात राहतात?

असो. आता ते दीड वर्षाचं सांगतो.

मी बारावीला होतो. तालुक्यातल्या एका स्पर्धेत आमचा संघ अंतिम फेरीत पोहोचला होता, आणि मी उजव्या कोपऱ्यात. समोर शेजारच्या गावाचा संघ. या पोरांना दोन वर्षांपूर्वी धड पकड करता येत नव्हती. त्यांच्याकडे शिकवणारं कोणी नव्हतं, म्हणून सर आठवड्यातून दोन दिवस सायकल मारत तिकडे जायचे. आम्हाला ते आवडत नव्हतं, पण बोलायची हिंमत कोणाची? अंतिम सामन्यात शेवटच्या दोन मिनिटांत आम्ही चार गुणांनी पुढे होतो. त्यांच्या कोपऱ्यातल्या पोराने माझ्या भावासारख्या मित्राचा घोटा असा धरला, तसाच धरला, जसा सरांनी मला शिकवला होता. आधी गुडघा जमिनीला, मग दोन्ही हात, मान बाहेरच्या बाजूला. मला ती पकड माझीच वाटली. लोण लागला. आम्ही हरलो. सर कडेला उभे होते आणि त्यांनी टाळी वाजवली.

ती टाळी मला सहन झाली नाही. मी घरी आलो, पट्टे-बिट्टे कपाटात टाकले आणि दीड वर्ष मैदानाकडे फिरकलो नाही. रस्त्यात सर दिसले की मी दुसऱ्या आळीतून जायचो. नंतर इंजिनिअरिंगला लांब गेलो, राग आपोआप निवला, सुट्टीत आलो की बोलायला लागलो. पण त्याबद्दल आम्ही दोघंही कधी एक अक्षर बोललो नव्हतो. त्या राखी पौर्णिमेपर्यंत.

"आठवतंय सर," मी म्हणालो.

"तेव्हा तुला वाटलं मी त्यांच्यासाठी टाळी वाजवली."

"मग?"

"अरे, पकड बघून वाजवली. कोणी केली ते नंतर दिसलं." थोडं थांबून म्हणाले, "शिकवलेलं दुसऱ्याच्या हातात दिसलं की कळतं, आपण खरंच शिकवलं की नुसतं ओरडत होतो. तुमच्या हातात दिसून काय कळणार? तुम्ही तर रोज माझ्यासमोर असायचात."

पोरं गप्प. मघाचा 'फितुरी'वाला पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. मी माफी मागायला हवी होती. नाही मागितली. दीड वर्षाचा अबोला आणि वर सोळा-सतरा वर्षांची गुळणी, ती अशी चारचौघांत सुटत नाही. मी फक्त विचारलं, "सर, हरल्याचं वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की. रात्री जेवलो नाही," ते म्हणाले. "पण दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. त्यांच्याकडे जायचा वार."

आणि गेले होते ते. सायकलवर.

हे वाक्य मी पुण्याला परतताना गाडीत, घाटात बँकर इंजिन मागून ढकलत असताना, पुन्हा पुन्हा आठवत होतो. त्या जपानला गेलेल्या प्राध्यापकांबद्दल इतिहासात एकच ओळ आहे. आमच्या सरांबद्दल तीही नसेल. अमरावतीहून बर्लिनला गेलेल्या चमूतल्या किती जणांची नावं आपल्याला सांगता येतील? पदकांच्या यादीत जिंकणाऱ्याचं नाव येतं, हरणाऱ्याचंही येतं. शिकवणाऱ्यासाठी त्या तक्त्यात रकानाच नाही. शैलजाताईंचं नाव आपल्याला कळलं तेही आपण हरलो म्हणून. त्या जिंकवत होत्या तेव्हा, नाशिकच्या मातीत, आपल्यातल्या कितीजणांना त्या माहीत होत्या? मला तर नव्हत्या.

आज मैदानावर मॅट आली आहे. घडी घालून ठेवतात, स्पर्धेच्या आधी अंथरतात. मुलींचे आता दोन संघ आहेत. सर बाकड्यावर बसून शिट्टी वाजवतात, धावपळ दुसरे दोघं करतात. त्यांतला एक जण त्या शेजारच्या गावचा. हो, तोच. घोटा पकडणारा. आता त्याच्या गावच्या पोरांबरोबर तो आमच्याही पोरांना शिकवतो. गेल्या महिन्यात गेलो होतो तेव्हा तो एका सातवीतल्या मुलीला पकड दाखवत होता. आधी गुडघा जमिनीला, मग दोन्ही हात, मान बाहेरच्या बाजूला.

मी सरांच्या शेजारी बसलो होतो. म्हटलं, "सर, त्या वेळचं... चुकलं माझं."

ते तिकडेच बघत होते. म्हणाले, "मान बघ तिची. अजून आत येतेय." आणि शिट्टी मारली.

बहुतेक ऐकलं असावं.